पिकवतो कोण, खातो कोण? : वर्धा खोऱ्यातील लोककथांचे एक इतिहासवाचन

लोककथांचा अभ्यास आपल्याकडे बहुधा दोन अंगांनी होतो. एक अंग वर्गीकरणाचे. दैवतकथा, दंतकथा, प्राणिकथा असे कप्पे पाडायचे, प्रत्येकाची लक्षणे सांगायची आणि उदाहरणादाखल चार कथांचा सारांश द्यायचा. पदव्युत्तर वर्गातील लोकसाहित्याची प्रश्नपत्रिका पुष्कळदा याच वाटेने जाते. दुसरे अंग इतिहासाचे. तेथे कथेला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. राजाचे नाव ताम्रपटात आहे काय, लढाईचे साल जुळते काय, असे तिला विचारले जाते. आणि उत्तर देता आले नाही की भाकडकथा म्हणून तिची बोळवण होते. या दोन्ही रीतींत एक गोष्ट निसटून जाते. कथा सांगणारा समाज पोट कशावर भरीत होता आणि त्याच्या घासाच्या आड कोण येत होते, हे कथेला फार नेमके ठाऊक असते. ती राजाचे नाव विसरेल, शतक चुकवील. परंतु पीक कोणते होते, ते कोणी खाल्ले आणि बदल्यात काय दिले, हा हिशेब ती सहसा चुकवीत नाही. प्रस्तुत लेखात वर्धा जिल्हा व त्याच्या लगतच्या मुलखाशी निगडित पाच कथा याच एका प्रश्नाच्या आधारे वाचावयाच्या आहेत: पिकवतो कोण आणि खातो कोण?

मौखिक परंपरेला असा प्रश्न विचारण्याची दृष्टी घडविण्यात आफ्रिकेच्या अभ्यासाचा वाटा मोठा आहे. लिखित दप्तरे जेथे थोडी, तेथे इतिहासकाराला सांगणाऱ्याच्या तोंडाकडेच पाहावे लागते. मध्य आफ्रिकेत काम केलेल्या यान व्हान्सिना या बेल्जियन इतिहासकाराने १९६१ साली मौखिक परंपरेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला आणि या साधनाला शास्त्रशुद्ध पद्धत दिली. मौखिक परंपरा भूतकाळाची साक्ष असते आणि त्याच वेळी ती सांगणाऱ्या वर्तमानाचीही निर्मिती असते, हे त्याच्या विवेचनाचे सूत्र होय. पूर्व आफ्रिकेतील मासाई या पशुपालकांची एक कथा याचे उत्तम उदाहरण आहे. देवाने आभाळातून चामड्याच्या दोराने सारी गुरे मासाईंसाठी खाली सोडली. रानात शिकारीवर जगणाऱ्या डोरोबोमुळे तो दोर तुटला. तेव्हापासून जगातील सर्व गुरे मासाईंची, असा या कथेचा निष्कर्ष. उत्पत्तिकथा म्हणून ती सुंदर आहेच. पण शेजाऱ्याची गुरे हाकून आणण्याला ती धर्माचे बळ देते आणि शिकारी व गुराखी यांच्या जुन्या वैराची कैफियत एका बाजूने मांडते.

चिनुआ अचेबे यांच्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ (१९५८) या कादंबरीत आई मुलीला सांगते ती कासवाची गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना परिचित असेल. दुष्काळात उपाशी असलेले कासव पक्ष्यांकडून पिसे उसनी घेते, त्यांच्याबरोबर आकाशातील मेजवानीला जाते आणि वाटेत स्वतःचे नाव ‘तुम्ही सर्व’ असे ठेवून घेते. जेवण ‘तुम्हा सर्वांसाठी’ आहे असे यजमान म्हणताच ते चांगले चांगले अन्न एकटे संपवते. मुलांना ही लबाडीची गोष्ट वाटते. वसाहतीच्या काळातील वाचकाला मात्र ‘सर्वांच्या’ नावावर एकट्याने जेवणारा कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही.

ही दृष्टी घेऊन आता आपल्या मुलखाकडे येऊ. वर्धा जिल्ह्याच्या वायव्येस आष्टी तालुका आहे आणि त्यातील तळेगाव (श्यामजी पंत) हे गाव नागपूर-अमरावती महामार्गावर आहे. तळेगाव नावाची गावे महाराष्ट्रात अनेक. ओळख पटावी म्हणून प्रत्येकाला काही जोड द्यावी लागते: दाभाडे, दशासर, श्यामजी पंत. कोठे सरदार घराण्याचे नाव चिकटते, तर कोठे लेखणीच्या माणसाची ‘पंत’ ही उपाधी. नांगर धरणाऱ्याचे नाव गावाला चिकटल्याचे क्वचितच आढळते. गावाच्या उत्तरेकडे सातपुड्याच्या पायथ्याची रानटेकाडे आहेत. पश्चिमेला मुलताईकडून येणारी वर्धा नदी आणि तिच्या पलीकडे अमरावती जिल्हा. खाली काळ्या मातीत कापूस, आणि आष्टी-कारंजा पट्ट्यात संत्र्याच्या बागा. गवळाऊ ही पांढऱ्या, चपळ बैलांची जात याच भागातील, आणि ती जोपासली प्रामुख्याने नंदगवळी समाजाने. रानातला गोंड, गुरांमागचा गवळी, काळ्या मातीतला कुणबी, रस्त्यावरून माल नेणारा व्यापारी आणि या सर्वांकडून वसूल करणारा सत्ताधीश, अशी पाच माणसे या भूगोलात शेजारी शेजारी उभी आहेत. आष्टी म्हटले की १६ ऑगस्ट १९४२ चा लढा आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण त्याहून जुने संघर्ष कथांमध्ये जपले गेले आहेत.

पहिली कथा लिंगोची. नागपुरात १८४५ पासून राहिलेले स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी परधानाच्या तोंडून ऐकलेले हे दीर्घ गोंडी गीत टिपून ठेवले होते. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची शिलावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी संपादित करून १८६६ साली प्रसिद्ध केले. या गीतात लिंगो आणि त्याचे मानलेले भाऊ रान तोडून शेत करतात व भात पेरतात. पाऊस पडतो, भात तरारून येतो, आणि त्याचा वास लागताच रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, मोठा कळप शेतात शिरून सगळे खाऊन टाकतो. भाऊ संतापून कळपाचा पाठलाग करतात आणि शिकार करतात. आता मांस आहे, पण भाजायला विस्तव नाही. विस्तव आहे तो रिकाड गवाडी नावाच्या म्हाताऱ्या राक्षसाच्या शेतात. एका भावाला तो चोरून आणायला पाठवले जाते. ठिणगी म्हाताऱ्याच्या अंगावर पडते, तो जागा होतो आणि चोरी फसते. मग लिंगो स्वतः जातो आणि भोपळ्याचे तंतुवाद्य वाजवतो. म्हातारा नाचू लागतो, सोयरीक होते आणि त्याच्या सात मुली या भावांच्या घरी नांदायला येतात. पुढे याच घरात संशय शिरतो आणि भाऊच लिंगोचा जीव घेतात.

या कथेतील चमत्कार क्षणभर बाजूला ठेवून पाहावे. रान तोडून केलेली शेती, पीक खाणारे जनावर, पीक गेले म्हणून करावी लागलेली शिकार, विस्तवासाठी शेजाऱ्यावरचे अवलंबन, चोरीने न सुटलेला आणि सोयरिकीने सुटलेला तंटा, आणि घर वाढल्यावर घरातच पेटलेला कलह. एका जमातीच्या उपजीविकेचा क्रम इतक्या नेटकेपणे मांडणारे दुसरे साधन सहज सापडणार नाही. येथे शिकार हौसेची नाही, ती शेतीच्या नुकसानीतून येते. ज्याने पीक खाल्ले त्यालाच खाल्ले जाते. ‘खातो कोण’ या प्रश्नाचे हे सर्वांत जुने आणि सर्वांत सरळ उत्तर.

कथेइतकाच कथेकरीही येथे महत्त्वाचा आहे. परधान हे गोंडांचे परंपरागत गायक. यजमान घराण्यांकडे ठरावीक प्रसंगी जाऊन त्यांच्या कुळाच्या व देवांच्या कथा तंतुवाद्याच्या साथीने गायच्या आणि त्याबद्दल धान्य, वस्त्र, जनावर असे दान घ्यायचे, हा त्यांचा चरितार्थ. हैमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील १९४८ च्या ग्रंथात या नात्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. तेथील परधानांची घरची भाषा मराठी आणि गाण्याची भाषा गोंडी, ही बाब मराठीच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घ्यावी. पश्चिम आफ्रिकेतील ग्रियो हे असेच आश्रयदात्या घराण्यांशी बांधलेले असतात. सुंदियाता राजाची कथा त्यांनीच शतकानुशतके वाहून आणली. ज्याचे अन्न खायचे त्याची कथा गायची, हा या व्यवसायाचा नियम. म्हणून कथा वाचताना ती कोणाच्या ओसरीवर सांगितली गेली, हेही विचारले पाहिजे. लिंगोकथेबाबत हा वाद अद्याप जिवंत आहे. हिस्लॉपच्या पाठात महादेवाला जे स्थान आहे, त्याकडे आजचे अनेक गोंड अभ्यासक बाहेरून चढलेला थर म्हणून पाहतात. नागपूरचे मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी पारी कुपार लिंगोचे वाचन गोंडी पुनेमच्या अंगाने नव्याने मांडले. कथेचा मालक कोण, हाही संघर्षच आहे.

दुसरी कथा देवगडची. हा गड आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात आहे, पण नागपूर-वर्धा परिसराच्या इतिहासाशी त्याचा निकट संबंध आहे. अठराव्या शतकाच्या आरंभी नागपूर वसविणारा बख्त बुलंद हा देवगडचाच राजा. कथा सांगते की गडावर प्रथम रणसूर व घणसूर या गवळी राजांचे राज्य होते. जाटबा हा गोंड तरुण त्यांच्या चाकरीत होता. उत्सवात रेडा मारण्याचे काम त्याला दिले गेले आणि हातात दिली ती लाकडी तलवार. देवीच्या कृपेने त्याच लाकडी तलवारीने जाटबाने रेडा मारला, आणि मग राजांनाही मारून गड घेतला. जाटबा ऐतिहासिक आहे. अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात, खेरल्याच्या पूर्वेकडील या जमीनदाराजवळ २,००० घोडेस्वार, ५०,००० पायदळ आणि १०० हून अधिक हत्ती असल्याची नोंद आहे. लाकडी तलवारीला मात्र दप्तरात जागा नाही.

ती जागा कथेने दिली. गुरे राखणाऱ्यांची सत्ता आणि रानातल्यांची चाकरी हे नाते उलटे कसे झाले, याचे स्मरण या प्रसंगात आहे. चाकराला दिलेले हत्यार खोटे असते. मालकाला तमाशा पाहायचा असतो. बळी जातो तो रेडा, म्हणजे पशुपालकाचे धन. मासाईंची कथा गुराख्याच्या बाजूने बोलते. जाटबाची कथा गुराख्याच्या चाकराच्या बाजूने. पशुपालक आणि इतर समाज यांच्यातील ताण मराठी मुलखाला नवा नाही. खंडोबाच्या म्हाळसा आणि बाणाई या दोन बायकांचे भांडण गाणारी परंपरा पश्चिम महाराष्ट्रात आहे. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची. गुंथर सोन्थायमर यांनी धनगरांच्या ओव्यांचा अभ्यास करून दाखविले की या सवतीमत्सरात पेठ आणि माळरान यांचे संबंध बोलत असतात. तेथे भांडण संसारात मुरते, देवगडला ते रक्ताने मिटते. हा फरक स्वभावाचा नसून परिस्थितीचा असावा. धनगराला दूधलोकरीसाठी पेठ लागते आणि पेठेला धनगर; चाकर आणि धनी यांच्यात अशी बरोबरीची देवघेव नसते.

तिसरी कथा केळझरची. नागपूर-वर्धा मार्गावरील या गावाला लोक महाभारतातील एकचक्रा नगरी मानतात आणि भीमाने बकासुराला येथे मारले असे सांगतात. एकचक्रेवर हक्क सांगणारी गावे देशात इतरही आहेत, त्यामुळे भूगोलाचा वाद घालण्यात अर्थ नाही. महाभारतातील असंख्य कथांमधून या गावाने नेमकी हीच का उचलली, हा खरा प्रश्न. बकासुर गाव लुटत नाही. त्याचा करार आहे: रोज गाडाभर अन्न, जोडीला रेडे, आणि गाडा हाकणारा माणूस. त्या बदल्यात तो परचक्रापासून रक्षण करतो. पाळी ठरलेली, घर ठरलेले. नियमित वसुलीचे इतके उघडे चित्र क्वचित मिळते. आणि भीम काय करतो? तो राक्षसासमोर बसून गाड्यातले अन्न आधी स्वतः खातो, मग लढतो. शेतकऱ्यांच्या गावात या प्रसंगाला हमखास हशा येतो, कारण वसुलीचे अन्न वसूल करणाऱ्याच्या डोळ्यांदेखत परत खाणे यापेक्षा मोठा सूड नाही.

चौथी कथा पवनारची. धाम नदीकाठच्या या गावी पवन नावाचा राजा होता आणि त्याच्याजवळ परीस होता. तो रयतेकडून पैसा घेत नसे. सारा म्हणून शेतकऱ्यांनी नांगराचे लोखंडी फाळ आणून द्यायचे, राजा त्यांना परीस लावून सोने करी. पुढे परक्या बळापुढे टिकाव लागेना तेव्हा राजा धाम नदीच्या डोहात उतरला आणि दिसेनासा झाला. ही कथा वरवर सुखी राज्याची आहे: नाणे द्यावे लागत नाही, लोखंड दिले की काम भागते. रोख साऱ्याने पिळलेल्या शेतकऱ्याने असा भूतकाळ कल्पावा हे स्वाभाविकच. पण फाळ म्हणजे नांगराचा दात. तो दिला की उरते ते लाकूड. राजाला मिळणारे सोने जमिनीतून येत नाही, शेतकऱ्याच्या अवजारातून येते. आणि लोखंडाचे सोने शेतात होत नाही, राजवाड्यात होते. शेतमालाचे मोल शेताबाहेर कोठेतरी वाढते, ही जाणीव या कथेत दडलेली आहे.

ही कथा लिहून कोणी ठेवली, तेही पाहण्यासारखे आहे. १८५४ साली नागपूरचे राज्य खालसा झाले, १८६२ साली वर्धा हा वेगळा जिल्हा झाला. चार्ल्स ग्रँट यांचे मध्य प्रांताचे गॅझेटिअर १८७० चे, रसेल यांचे वर्धा जिल्ह्याचे १९०६ चे. जमीनमोजणी, मालगुजारी आणि साऱ्याची आकारणी हेच ज्या राज्ययंत्रणेचे मुख्य काम, तिच्या दप्तरात आपल्या स्थलकथा उतरल्या. फाळाच्या साऱ्याची कथा सारा घेणाऱ्याच्या वहीत आली, तेव्हा ती ‘मनोरंजक दंतकथा’ झाली. मालगुजारी १९५१ साली संपली. कथेकडे पाहण्याची ती सवय मात्र अजून पुरती गेलेली नाही. पुढे याच पवनारला विनोबांनी आश्रम केला आणि पैशाच्या व्यवहाराविना जगण्याचा ‘कांचनमुक्ती’चा प्रयोग केला. हा योगायोग असेल; पण लोखंडाचे सोने करणाऱ्या राजाच्या गावी सोन्यापासून सुटका शोधली जावी, हा योगायोगही बोलका आहे.

पाचवी कथा गिरडची. समुद्रपूर तालुक्यातील गिरडच्या टेकडीवर शेख फरीद यांचे स्थान आहे आणि हिंदू-मुसलमान दोघेही तेथे जातात. टेकडीवर झिओलाइट खनिजाचे गोटे विखुरलेले आहेत. कथा अशी की माल घेऊन जाणाऱ्या दोन व्यापाऱ्यांनी फकिराची टिंगल केली, तेव्हा त्याने त्यांच्या सगळ्या मालाचे दगड केले. त्यांनी क्षमा मागितल्यावर वाळल्या पानांपासून नवा माल करून दिला. व्यापारी थक्क झाले आणि त्याच्याच सेवेत राहिले. आजही टेकडीवरील दोन थडगी त्यांची म्हणून दाखवतात. शिक्षा पाहा: मालाचे असे रूप होते की तो खाताही येत नाही आणि विकताही येत नाही. रस्त्याने जाणारा भरलेला माल आणि रस्त्याकडेचा रिकाम्या हाताचा माणूस यांच्यातील अंतर ही कथा मोजते. तिचा शेवट मात्र सलोख्याचा आहे. व्यापारी गावाला शत्रू म्हणून परवडत नाही, त्याला आपल्यात आणावे लागते. लिंगोने रिकाड गवाडीशी जे सोयरिकीने साधले, ते येथे भक्तीने साधते.

या कथांवरून घटनांचा इतिहास रचता येणार नाही, हे स्पष्ट केले पाहिजे. त्यांचा कालक्रम लावता येत नाही, त्या एकमेकींच्या आधी-नंतरच्या आहेत असेही सिद्ध करता येत नाही, आणि प्रत्येक कथेमागे एक लढाई शोधणे हा अतिरेक होईल. त्या सांगतात तो संबंधांचा इतिहास. रोही, धनी, राक्षस, राजा, व्यापारी अशी खाणाऱ्यांची रूपे बदलत जातात, आणि प्रत्येक रूपाबरोबर प्रतिकाराची रीतही बदलते: शिकार, उठाव, कपटाने केलेले भोजन, परिसाचे स्वप्न, शाप.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१-६५) कापसाला भाव आला, १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली आणि हिंगणघाटच्या कापसाचे नाव दूरच्या बाजारात गेले. आता शेतात जे पिकते ते पिकवणाऱ्याला खाताच येत नाही. कापूस आणि भाकरी यांच्यामध्ये अडत्या, सावकार आणि दूरचा भाव उभा राहिला. या नव्या खाणाऱ्याला राक्षसाचे तोंड नव्हते. म्हणूनच की काय, त्याच्याविषयी मोठी कथा निर्माण झालेली दिसत नाही. त्याचा समाचार घेतला तो पोळ्याच्या झडत्यांनी. विदर्भात पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली बैल उभे राहिले की शेतकरी एकामागून एक झडत्या म्हणतात. त्यांत देवाच्या नमनाबरोबर सावकार, पाटील, पुढारी, कापसाचा भाव यांची थेट टवाळी असते आणि दरवर्षी नवी भर पडते. वर्षातून एक दिवस, आणि तोही बैलाच्या मानाचा, हे बोलण्याची मुभा असते. येथे कथानक आखडून चार-सहा ओळींचे झाले आहे, पण प्रश्न तोच.

तो प्रश्न किती खरा आहे हे सांगायला लोकसाहित्याची गरज नाही. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे २००६ साली पंतप्रधानांनी ३,७५० कोटी रुपयांचे साहाय्य जाहीर केले त्या विदर्भातील सहा जिल्ह्यांत वर्धा होता. अशा जिल्ह्यात लोकसाहित्य शिकवणाऱ्याने केवळ ‘ग्रामीण जीवनाचे मनोहारी दर्शन’ असा शेरा मारून पुढे जाणे हे साहित्याला आणि गावालाही न्याय देणारे नाही. विद्यार्थी कथा गोळा करून आणतात तेव्हा त्यांना तीन साधे प्रश्न द्यावेत: या कथेत अन्न कोठून येते, ते कोणाकडे जाते, आणि ही कथा कोणाच्या घरी, कोणत्या दिवशी सांगितली जाते? प्रकार आणि लक्षणे त्यानंतर लावता येतील.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. परधानांना दान देणारी घरे कमी होत गेली की गाणेही कमी होते, आणि ट्रॅक्टर आला की तोरणाखालचे बैल घटतात. आष्टी-कारंजा भागातला शेतकरी आजही हंगामात रात्रीच्या जागलीला शेतावर जातो, तो रोही आणि रानडुकरे पीक खातात म्हणून. लिंगोच्या भावांचे भांडण ज्या जनावराशी होते तेच हे जनावर. त्या जागलीवर शेजारच्या बांधावरच्या माणसाशी काय बोलणे होते, कोणत्या जुन्या गोष्टी निघतात आणि त्यांत कोणाची नवी नावे बसवली जातात, ते ऐकून लिहून घेणे हा या जिल्ह्यातील मराठीच्या विद्यार्थ्याला सहज करता येण्यासारखा अभ्यास आहे.